स्वयंपाकघरातले बूट

दिल्ली कँटोन्मेंटच्या क्वार्टरमधल्या हौसाबाईने रविवारी अरवलीचा डोंगर चढायचा म्हणून नवे बूट घेतले. शेजारच्या उत्तराने तिला बजावलं होतं, "काकू, कोरे बूट घालून चढलात तर फोड येतील. आठवडाभर घरात वापरा, मऊ होऊ देत." मग ती बूट घालूनच भांडी घासू लागली, पोळ्या लाटू लागली.

शनिवारी नवरा, हवालदार इंद्रजित, ड्यूटीवरून लवकर परतला. स्वयंपाकघरात बूट दिसताच त्याचं डोकं फिरलं.

"देव्हाऱ्यासमोर बूट? लाज विकून खाल्लीस?"

त्याने केस धरून तिला खाली पाडलं, एक बूट ओढून काढला आणि तो त्याच बुटाने तिच्या तोंडावर मारत सुटला. ओठ फाटला. आजवर प्रत्येक मार तिने मुकाट खाल्ला होता, हाही खाईल, असं मेल्याला वाटलं.

दुसरा बूट अजून पायातच होता. तिने होतं नव्हतं ते बळ एकवटून त्याच्या गुडघ्यावर लाथ हाणली. हाड कडकन वाजलं आणि हवालदार किंचाळत देव्हाऱ्यापाशी कोसळला.

रविवारी डोंगरमाथ्यावर उत्तरा तिच्या सुजलेल्या ओठाकडे बघत राहिली. शेवटी तिने एवढंच विचारलं, "पाय कसे आहेत, काकू?"

"माझे ठणठणीत आहेत," हौसाबाई म्हणाली.