रेकॉर्डमधला खोकला

कारखान्यातला रशियन साहेब मायदेशी परतताना मला त्यांच्याकडच्या वाद्यवृंदाची रेकॉर्ड देऊन गेला. मी जेमतेम चौथी शिकलेला. पाकिटावरचं अक्षर वाचता येत नाही आणि कुणाला विचारायलाही गेलो नाही. सुई टेकली की घंटा, तुताऱ्या, नगारे असे उठतात, की जत्रेतले सगळे रंग एकदम अंगावर यावेत. मग सगळं शांत होतं, आणि त्या शांततेत तिथं ऐकायला बसलेला कुणीतरी खोकतो.

आमची ही दर वेळी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, त्याला आल्याचा चहा पाजा की."

आता ही नाही. परवा सूनबाईनं पाकिटाचा फोटो काढून तेच संगीत मोबाईलवर शोधून लावलं. "बाबा, यातला खोकला काढून टाकलाय बघा."

"मग तुझी सासू बोलायची कुठं?" मी म्हटलं.

तो खोकणाराही आता नसेल. वाजवणारेही गेले असतील. माणूस कशाच्या आधारानं मागं राहील, सांगता येत नाही.

आज मी रेकॉर्ड लावली. तुताऱ्या थांबत आल्या, तसा सूनबाईनं आत चाललेला मिक्सर बंद केला. आम्ही दोघं त्या खोकल्याची वाट बघत राहिलो.