मोहरीच्या मुळांतलं शिसं

बॅटरीचा कारखाना बंद पडला, पण जाताना मागच्या मोकळ्या जागेत आपलं शिसं ठेवून गेला. ते काढायला तिथे मोहरी लावली होती आणि मोहरीची देखभाल माळीकाकांकडे होती. जन्मभर बागांत राबलेला हा माणूस रोपांशी तासन्‌तास बोलायचा. बायकोशी मात्र हुंकारांवर भागवायचा.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांना आधीच समजावलं होतं. मातीतून शोषलेलं हे विष मोहरी मुळांतच अडवते, तिथल्या पेशींच्या कप्प्यांत कोंडून टाकते आणि पानांपर्यंत फारसं जाऊ देत नाही. म्हणून रोप मुळासकट उपटायचं.

"म्हणजे आमच्या थोरल्या वहिनीच," काका खूश झाले. "सगळं पोटात, आणि चेहरा टवटवीत."

डोक्याला कळलं होतं, पण हातांना कोण सांगणार? काढणीच्या दिवशी काकांनी विळा घेतला आणि सारी मोहरी जमिनीलगत सपासप कापली. मुळं मातीत कुजली की खत होतं, हे त्यांच्या हातांचं शास्त्र. घरी चहा पुढ्यात आला, तेव्हा कुठे लख्ख प्रकाश पडला. मुळं कुजली की कोंडलेलं शिसं पुन्हा मातीत. सगळा हंगाम पाण्यात.

चेहरा बघून बायकोने विचारलं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं.

"एरवी काही बिघडलं की झाडांना बोल लावता," ती म्हणाली. "आज मोहरी बिचारी काय करणार? चला, उद्या मीही येते."

सकाळी बाई आल्या, कापलेल्या शेतात वाकल्या आणि त्यांनी एक मूळ उकरून पाहिलं. काकांना वाटलं, संपलं. पण मुळं अजून ताजी होती. कुजायच्या आत निघाली तर हंगाम वाचणार होता. मात्र धरायला बुंधाच उरला नव्हता, म्हणून एकेक मूळ उकरायचं होतं. तिघं हातमोजे चढवून बसली. काका ओढायचे आणि तंतू तुटायचे. बायको मात्र केसांतला गुंता सोडवावा तशी माती मोकळी करायची, आणि मूळ तंतूंसकट अलगद बाहेर यायचं. दुपारपर्यंत काका मुकाट्याने तिच्याकडून शिकायला लागले होते.

तपासणी झाल्यावर बाई हसतच आल्या. मुळांत शिसं भरपूर निघालं होतं. एवढं विष सापडलं म्हणून काकांनी चक्क हात जोडले.

पुढच्या हंगामाला बाईंनी दोघांनाही बोलावलं. काकांनी जरा कुरकुर केली, एका शेतात दोन माळी कशाला म्हणून. आणि संध्याकाळी बायकोच्या मापाचे हातमोजे शोधत स्वतःच दुकानं पालथी घातली.