आधीच दिलेली साक्ष

वालूरात केशरबाईंना आडनावानं कोणी ओळखत नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आणि दुखण्याखुपण्यात येऊन प्रार्थना करणाऱ्या केशरबाई, एवढी ओळख पुरते. नवरा सूर्यभान शिलाईकाम करतो, दोन्ही लेकी नांदायला गेल्या. गावात ख्रिस्ती घरं मोजून नऊ. रविवारची उपासना एका पत्र्याच्या खोलीत होते.

त्यांना बोलावणं आलं ते बारा वर्षांपूर्वी, जिंतूरच्या ख्रिस्ती मेळाव्यात. तेही प्रवचन ऐकताना नाही, मागं पातेली घासताना. आजाऱ्यांजवळ जाऊन बसत जा, असं आतून कोणी सांगितल्यासारखं झालं. आवाज देवाचा का आपल्याच मनाचा, हे त्यांना त्या दिवशीही नक्की कळलं नव्हतं. तरी त्या जायला लागल्या. कुणाची जात विचारली नाही, कुणाला उपासनेला चला म्हटलं नाही. लोकांना बरं वाटायचं. मग लोक बरं म्हणतात म्हणून त्यांनाही बरं वाटायला लागलं, आणि तिथंच गफलत झाली.

त्यांच्या गल्लीत शिवरुद्र दुकानदाराचं घर आहे. त्याच्या बायकोच्या, नीलम्माच्या, गळ्यात लिंग आणि कपाळाला विभूती. लेक रुद्राणी एकोणीस वर्षांची, शाळेत असल्यापासून तिला फिट यायची. परभणीच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. नीलम्मानं केशरबाईंना बोलावलं तेव्हा सासू कुरकुरली, तर ती म्हणाली, "देव न्हाई भांडत, आत्याबाई. मानसं भांडतेत." केशरबाई दर सोमवारी जाऊन रुद्राणीच्या डोक्यावर हात ठेवायच्या. पाच महिने फिट आली नाही.

उपासनेत दर रविवारी साक्ष द्यायचा रिवाज आहे. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. कुणाचा खोकला गेला, कुणाची हरवलेली म्हैस सापडली. केशरबाई कित्येक रविवार नुसत्या ऐकत होत्या. मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार बघणारे बन्सीधर एकदा हसत म्हणालेही, "बाई गावभर फिरायल्यात, पण साक्ष काई निघंना."

त्या रविवारी नीलम्मा लेकीला घेऊन मागच्या सतरंजीवर येऊन बसली होती. केशरबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, देवानं या लेकराचं दुखणं मुळासकट काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोळ्यांचा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. तो सांगितला तर साक्ष फिकी पडेल, म्हणून त्यांनी तो गिळला. हे त्यांच्याशिवाय कुणालाच कळलं नाही.

नीलम्मानं दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. देवानं काढलेल्या दुखण्यावर औषध देणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं तिला वाटलं. कुणाला विचारलं नाही. चौथ्या आठवड्यात भाकरी करताना रुद्राणीला फिट आली आणि उजवा हात तापलेल्या तव्यावर पडला.

केशरबाईंना ही बातमी शाळेत कळली. संध्याकाळी त्या नीलम्माच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथूनच माघारी फिरल्या. नंतर अठरा दिवस शाळेत वेशीकडच्या लांबच्या वाटेनं जात राहिल्या. प्रार्थनेला बसल्या की ओठ हलेनात. डोळे मिटले की तो हात दिसायचा. बोलावणं खरं असतं तर देवानं आपलं तोंड त्या दिवशी धरलं नसतं का, हा एकच प्रश्न खिचडी ढवळताना, भांडी घासताना मागं लागायचा. सूर्यभान म्हणाला, गोळ्या बंद करा असं तू थोडीच म्हणलीस. ते खरंच होतं, पण त्या खरेपणाचा काही उपयोग होत नव्हता.

शेवटी त्यांनी उपासना चालवणाऱ्या पाळक योगीराजांना गाठलं आणि गोळ्यांसकट सगळं सांगितलं. "पाळकसाहेब, मला या कामातून मोकळं करा. मला बोलावणं आलंच नव्हतं."

योगीराज म्हणाले, "बोलावणं खोटं व्हतं का साक्ष?"



"मला तरी दोन्ही एक वाटंनात," ते पुढं म्हणाले. "अन् टाळ्या मीबी वाजविल्या, बाई. गोळ्यांचं मीबी इचारलं न्हाई."

पुढच्या रविवारी केशरबाई साक्षीच्या वेळी उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. त्या म्हणाल्या की मागं दिलेली साक्ष आपण घाईनं दिली; रुद्राणी औषध खात होती, ते आपल्याला ठाऊक होतं आणि आपण मुद्दाम सांगितलं नाही; देवाचं नाव मोठं करायच्या नावाखाली आपलं मोठं केलं. टाळ्या वाजल्या नाहीत. बाहेर पडताना बन्सीधर कडूपणानं म्हणाले, असं बोलल्यानं देवाचं नाव खाली जातं. केशरबाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

सोमवारी त्या शिवरुद्रच्या घरी गेल्या. शिवरुद्र दुकानात होता, त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. नीलम्मा मेथी निवडत होती. केशरबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गिळलेल्या शब्दासकट.

नीलम्मानं जुडी खाली ठेवली. "गोळ्या म्या बंद केल्या. तेचं पाप म्या फेडीन. पर तुमी अठरा दिस कुठं व्हत्या? पोरगी रोज इचारायलीय, मावशी का येईनात. लेकीचा हात जळला तवा तुमी काय देवाला पत्ता इचारायला गेल्या व्हत्या?"

"तोंड दाखवायची लाज वाटली."

"मग मी कुणाला तोंड दाखवू?" नीलम्माचा आवाज फुटला. केशरबाई तिच्याजवळ खाली बसल्या.

रुद्राणी आतून आली. हाताला पट्टी होती, दोन बोटं अजून सरळ होत नव्हती. ती समोर बसली आणि सवयीनं डोकं पुढं केलं. केशरबाईंचा हात मांडीवरून उचलला जाईना. बारा वर्षांपूर्वीचा तो आवाज कुणाचा होता हे त्यांना अजूनही ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की बोलावलं असो वा नसो, हे लेकरू समोर बसलेलं आहे.

"गोळी खाल्लीस का, बाय?" त्यांनी विचारलं.

"खायची हाय."

नीलम्मानं पाणी आणलं. रुद्राणीनं गोळी गिळेपर्यंत केशरबाई बघत राहिल्या. मग हात ठेवला. डोळे मिटायचं धाडस झालं नाही. पट्टीकडे बघतच त्या म्हणाल्या, "देवा, मला काई कळंना. तू हिच्याजवळ ऱ्हा."