मोडीत दिलेली थाळी

काका वारला त्याच्या चौथ्या दिवशी मी कंपनीत रजा टाकली आणि वडिलांना गाडीत घेऊन वाद्यांची दुकानं फिरायला निघालो. गाडी माझी, हप्ते चालू असलेली. वडील पुढच्या सीटवर गुडघ्यावर हात ठेवून सरळ बसले होते.

आमच्या वाडीत माणूस गेलं की त्याच्या दिवसकार्याला थाळीवर गाणं होतं. काशाच्या थाळीत मधोमध मेणाचा गोळा बसवतात, त्यात बारीक काडी उभी करतात आणि राख लावलेली बोटं काडीवरून वरून खाली ओढत राहतात. थाळी भुंग्यासारखी गुणगुणते. त्या सुरावर माझे वडील गेलेल्या माणसाची कथा गातात. वाडीत आता हे करणारे ते एकटेच.

त्यांची थाळी पाच वर्षांपूर्वी घरातून नाहीशी झाली. ती काकीनं नेऊन विकली असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यावरून दोन भावांची बोलचाल बंद झाली आणि काका त्या अबोल्यातच गेला. एरवी ते मागून आणलेल्या थाळीवर भागवायचे, पण भावाची कथा गायला त्यांना स्वतःची थाळी हवी होती.

थाळी मी दिली होती. मोडीत.

मी वाडीतला पहिला ग्रॅज्युएट. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. म्हणजे, थोडं त्यासाठीही लिहितो. शेवटच्या वर्षाला वर्गातली चार मुलं घरी जेवायला येणार होती आणि आमच्याकडे धड दोन ताटं नव्हती. आईवडील वीटभट्टीवर गेलेले. मी ती काळवंडलेली थाळी उचलली, नखानं मेण खरवडलं, रोह्यात भांड्यांच्या दुकानात मोडीत घातली आणि स्टीलची ताटं आणली. थाळी ती थाळी, पुढं दुसरी घेऊ, असं वाटलं. ताटं स्कॉलरशिपमधून आणली म्हणून घरी सांगितलं. वडील परत आले आणि थाळी शोधायला लागले तेव्हा मी एवढंच म्हणालो, की मधे काकी आली होती, ही नवी ताटं मागायला. आली होतीच. रिकाम्या हातानं गेली, हे बोललो नाही.

तर त्या सकाळी वडिलांचं म्हणणं होतं की रोह्याच्या भांड्यांच्या आळीत बघू. मी म्हटलं, वाद्य वाद्याच्या दुकानातच घ्यावं, त्याचंही शास्त्र असतं. शिकलेल्या पोराचं ऐकायची त्यांना सवय. खरं कारण हे, की तो भांडेवाला अजून त्याच गल्ल्यावर बसतो आणि मला ओळखतो.

रोह्याच्या वाद्यवाल्यानं तबला दाखवला. कोलाडला रस्त्याकडेच्या दुकानात ढोलक्या आणि प्लास्टिकचे खुळखुळे टांगलेले. मग म्हटलं अलिबागला बघू. तिथं काचेच्या दारामागं गिटारी होत्या. वडिलांनी एका झांजेला हात लावला तर विकणाऱ्या मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी लगेच शुद्ध मराठीत ‘पारंपरिक लोकवाद्य’ वगैरे समजावायला लागलो. वडील बाजूला झाले आणि हात मागं बांधून उभे राहिले, सरकारी दवाखान्यात राहतात तसे.

धरमतरचा पूल ओलांडून पेणला पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. तिथला दुकानदार वडिलांच्याच वयाचा, ढोलकीची दोरी ओढत बसलेला. त्यानं मला बोलूच दिलं नाही, वडिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं तसं त्यानं एक मोठी झांज काढून दिली, काशाचीच. वडिलांनी ती उलटसुलट केली.

“हिच्या मधेच भोक हाय. काडी कुठं उभी करू?”

मग त्यानं देवळात वाजवतात तो जाड थाळा काढला. वडिलांनी नखानं टिचकी मारली, कान लावला आणि परत दिला. म्हणाले, हा ओरडतो, गुणगुणत नाय.

दुकानदार हसला. म्हणाला, तुम्हाला पाहिजे ती माझ्याकडं नाही मिळायची. भांडेवाल्याकडं बघा, जुनं कासं मोडीत येतं, एखादी थाळी त्यानं बाजूला ठेवलेली असते.

“मोडीत?” वडील म्हणाले. “अशी थाळी मोडीत कोन घालतो?”

“म्हातारी माणसं नाही घालत, बाबा. शिकलेली पोरं घालतात.”

त्याच्या मनात काही नव्हतं. तो पुन्हा दोरी ओढायला लागला. मी दाराशी उभा राहून मोबाईल बघत होतो आणि त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

गाडीत बसल्यावर वडील म्हणाले, चल, इथल्या भांडेवाल्याकडं जाऊ. मी गाडी चालू केली, बंद केली आणि त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, मेण खरवडल्याचंही. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

“तिला ठावं हाय?”

“नाय.”

“मग मला काय सांगतो? चोर तिला म्हनलो मी. तिला सांग. मानसांदेखत सांग.”

वडखळ गेलं, नागोठणं गेलं, कोलाड आलं. रोह्याजवळ वरसे गावात माझी खोली आहे, तिथं वडील उतरले नाहीत. वाडीच्या रस्त्याकडे बोट केलं.

दिवसकार्याला सगळी वाडी जमली होती. मी उभा राहिलो. दोन दिवस वाक्यं जुळवत होतो, कॉलेजात भाषणाची तयारी करायचो तशी. गैरसमज झाला होता, असं म्हणालो. ती थाळी खरं म्हणजे त्या वेळी मोडीत गेली होती.

काकी भिंतीला टेकून बसली होती. “गेली? पाय व्हते तिला?”

कोणीतरी हसलं. मी म्हणालो, मी दिली. तू नेली नव्हतीस, हे मला ठाऊक होतं.

मग कोणी हसलं नाही. काकीनं माझ्याकडे बघितलंही नाही, वडिलांकडे बघितलं. “पाच वरसं,” ती म्हणाली. “तुमचा भाऊ बिचारा मलाच इचारायचा. खरं सांग गो, नेली काय, म्हनून.”

वडिलांनी थाळी पुढं ओढली आणि बोटांना राख लावली. दुसऱ्या वाडीतून मागून आणलेल्या पितळेच्या थाळीवर ते गायले. ती नीट बोलत नव्हती. दोनदा थांबून त्यांनी मेण दाबलं आणि सोडलेली ओळ पुन्हा धरली. ते का थांबतात हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला आता माहीत होतं.

वडील आता काकीच्या अंगणात जाऊन बसतात. माझ्याशी वाडीत कोणी वाईट वागत नाही. सगळ्यांचे अर्ज, दाखले, बँकेची कागदं अजून मीच लिहितो आणि मला ते आवडतं. काकीला निराधार पेन्शनचा अर्ज करायचा होता, तेव्हा मी आपण होऊन गेलो आणि कागदं दे म्हटलं. “राहू दे,” ती म्हणाली, “तुला कामं असतात.” दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं रोह्याला गेली आणि तहसीलबाहेर बसणाऱ्या माणसाकडून अर्ज लिहून घेऊन आली.