बॉयलरमधलं मीठ

एनॉक स्ट्रिब्लिंगने सत्तावीस वर्षं एकाच बॉयलरची सेवा केली. ‘हॅना पेल’ ही टगबोट डेलावेअर नदीत लाकडाचे पडाव ओढायची, तेव्हा तिला कुणी सलाम ठोकत नसे. मग अमेरिकेत उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलं. सरकारने तिच्यावर दोन तोफा बसवून तिला दक्षिणेच्या विल्मिंग्टन बंदराच्या नाकेबंदीत उभं केलं आणि वर कप्तान म्हणून लायसँडर क्रील पाठवले. हे आधी शाळेत भूगोल शिकवत. समुद्र त्यांनी नकाशात पाहिला होता, निळा.

काम जुनंच राहिलं. कोळशाची गलबतं ओढायची, युद्धनौकांना टपाल पोचवायचं. क्रील त्याला मोहीम म्हणत.

खाऱ्या पाण्यावरचा बॉयलर दर दोन तासांनी नळ उघडून थोडा उपसावा लागतो. नाहीतर आत मिठाचा थर धरतो आणि पत्रा लाल होऊन फाटतो. एनॉक टमरेलात बॉयलरचं पाणी निववून चाखायचा आणि वेळ सांगायचा. पण नळ उघडला की कानठळ्या बसत, आणि वाफेने क्रीलांच्या गणवेशाची पितळी बटणं काळवंडत. ताफ्याचे कमोडोर पाहणीला येणार म्हणून त्यांनी दोन दिवस हा असभ्यपणा बंद करवला. एनॉकने तीनदा विनवलं. कमोडोर आले, टपालाची थैली उचलून गेले. बटणांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी नाकेबंदी चुकवणारी एक करडी आगबोट नदीच्या मुखाकडे धावताना दिसली. एनॉकने भट्टीत डोकावलं. वरचा पत्रा लाल होऊन पोटासारखा खाली लोंबत होता. समोर दोन आयरिश कोळसेवाले फावडी घेऊन उभे.

क्रील वरून ओरडले, “वाफ वाढवा, स्ट्रिब्लिंग. आज नाव कमवायचंय.”

“थडग्यावर पण नावच असतं, साहेब,” एनॉक म्हणाला, आणि कोळसेवाल्यांना निखारे बाहेर ओढायला लावले.

टगबोट थांबली. करडी आगबोट जवळून गेली. तिच्यावरच्या एकाने टोपी उंचावून क्रीलांना अभिवादन केलं.

आयुष्यभर इतरांना ओढणाऱ्या ‘हॅना पेल’ला एका कोळशाच्या शिडाच्या गलबताने ब्यूफोर्ट बंदरात ओढत नेलं. तिथे एनॉकने बॉयलर उघडला, बोटभर जाडीची पांढरी ढलपी छिन्नीने काढली आणि कप्तानाच्या टेबलावर, खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या ताटलीशेजारी ठेवली.

“हे काय?” क्रील म्हणाले.

“तुमची सभ्यता, साहेब. दोन दिवसांची.”

क्रीलांच्या अहवालात इंजिनवाल्याचा भित्रेपणा लिहिला गेला आणि एनॉकची नोकरी सुटली. दोघे कोळसेवाले त्याची पेटी धरून धक्क्यापर्यंत आले. क्रीलांना किनाऱ्यावर मोठं पद मिळालं. तिथे बटणं चकचकीत राहत.