दारावरचं बोलणं

माणसं बोलती करायची कला मला येते, असं मी वीस वर्षं छाती फुगवून सांगत आलो. सुरतेत खासगी तपासाचं काम करतो. सिनेमात दाखवतात तसलं त्यात काही नसतं, पाठलाग नाही की वेषांतर नाही. विमा कंपनीला ज्या मृत्यूबद्दल शंका असेल त्याची फाइल माझ्याकडे यायची. मी मयताच्या गल्लीत जायचो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब लिहून घ्यायचो, खाली सही नाहीतर अंगठा घ्यायचो आणि रिपोर्ट पाठवायचो. गेलेल्या माणसाला मी एकदाही पाहिलेलं नसायचं.

माझ्या जबाबांना कंपनीत मान होता, त्याचं खरं श्रेय आईचं. आम्ही धुळ्याकडचे. वडील बँकेत, म्हणून घरात पुस्तकी मराठी. पण आई चिडली किंवा लाडात आली की अहिराणीवर यायची. सुरतेतल्या लिंबायत भागात गल्ल्याच्या गल्ल्या खानदेशी आहेत. दुसरे तपास करणारे तिथे हिंदीत विचारायचे आणि ‘मालूम नहीं’ ऐकून हात हलवत परत यायचे. मी ओट्यावर टेकायचो आणि म्हणायचो, “काय मावशी, कोनतं गाव तुमनं?” पुढचं काम मावशीच करायच्या.

ती फाइल पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमधल्या कामगाराची होती. वय चाळीसच्या आत. पाळीवर असताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. पॉलिसी काढून दीड वर्ष झालेलं, म्हणून कंपनीला शंका. आधीचा आजार लपवला असेल तर दावा नामंजूर. मंजूर झाला तर त्याची बायको दोन मुलींना घेऊन सुरतेत राहू शकणार होती, नाहीतर गावी दिराच्या दारात. हे मला माहीत होतं. फाइल उघडताना असलं सगळं माहीत असतंच, पण आपण त्याकडे बघायचं नाही, असं मी ठरवून टाकलेलं होतं.

दहावा व्हायचा होता तेव्हाच मी त्याच्या लिंबायतच्या घरी गेलो. आमच्याकडे असे दिवस असले की बाया दारावर बसायला येतात. चारपाच जणी ओट्यावर होत्या आणि त्याची बायको आत भिंतीला टेकून. तिचा जबाब मी पहिला घेतला. आजाराचं विचारलं तर ती एवढंच म्हणाली, “तेस्ले काहीच नव्हतं.” मी तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलं. दावेदाराचा जबाब लिहून घ्यावा लागतो, पण तो कोणी धरत नाही, मीही धरत नव्हतो.

मग मी बाहेर बायांमध्ये बसलो. समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक म्हातारी होती, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. मी गाव विचारलं, तिने माझं आजोळ काढलं, आणि लांबून का होईना नातं निघालं. मग पदर तोंडाला लावून ती सांगू लागली, “सुटना रे भाऊ. दोन वरीसपासीन हाल चालू व्हतात तेना. अन्न जाये नही, रातभर खोके. माले तं दिखेच.” दुसरीने मान हलवली. तिसरी म्हणाली, चेहराच उतरलेला होता, आम्ही बोललो नाही एवढंच.

मी कान टवकारले. दोन वर्षं म्हणजे पॉलिसीच्या आधीचं. मी म्हातारीचं बोलणं कोरड्या हिंदीत उतरवलं: मयत दो साल से बीमार था, खाना नहीं जाता था, खाँसी थी. वाचून दाखवलं. ती ‘हा, हा’ म्हणाली आणि शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. शाई पुसायला मी तिला माझा रुमाल दिला. स्कूटरवरून घरी येताना मी खूश होतो, हे लपवून काय उपयोग? कंपनीने माझ्याच शब्दांवर दावा नामंजूर केला आणि मला शाबासकीचा फोन आला.

पुढच्या वर्षी माझा थोरला भाऊ गेला. रोज सकाळी तापीच्या पुलापर्यंत चालत जाऊन येणारा माणूस. आंघोळीला गेला, तो बाहेर आलाच नाही. आयुष्यात सर्दीपलीकडे त्याला काही झालेलं मला आठवत नाही.

दारावर बाया बसायला आल्या. वहिनी आत, मी दाराशी खुर्चीवर. एक बाई म्हणाली, “मला तर दिवाळीतच दिसलं होतं. रंगच काळवंडला होता.” दुसरी म्हणाली, “सोसत होते हो, सांगत नव्हते. सुटले.” माझं डोकं सणकलं. मी ताडकन उठून म्हणालो, “त्याला काहीएक झालेलं नव्हतं. उगाच काहीतरी बोलू नका.” आईने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. स्वतःचा मुलगा गेलेला, तरी तिचा आवाज स्थिर होता.

“बोलू दे तिस्ले,” ती म्हणाली. “तुन्या वहिनीसाठे बोली ऱ्हायन्यात त्या. काही नसताना गया म्हटलं, तं ती जलमभर स्वतःले दोष दी. आधीपासीन व्हतंच म्हटलं की तेवढं मन हलकं व्हस. खरंखोटं कोन दखस त्यामा?”

कणकेच्या डब्याला हात टेकून मी तिथेच उभा राहिलो. भावासाठी रडत होतो की लिंबायतच्या त्या ओट्यासाठी, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. लहानपणापासून असल्या बैठकी मी शंभर पाहिल्या असतील. दारावरचं बोलणं दारावरच राहतं, उठताना कोणी ते बरोबर नेत नाही. मी नेलं होतं. तेही आईच्याच भाषेचा वशिला लावून.

भावाचं सगळं आटोपल्यावर मी म्हातारीकडे गेलो. या वेळी सरळ विचारलं, तो माणूस आजारी होता का. ती उलट माझ्यावरच उखडली. “कोन म्हने बिमार? मरना त्याच हप्ताले मना गॅसना बाटला वर चढाई दिना तेन्ही.” भरलेला बाटला, तीन जिने. मग तेव्हा तसं का बोललात, असं विचारलं तर म्हणाली, “दारवर काय बोलतस मंग?”

मी तिचा नवा जबाब घेतला आणि कंपनीत गेलो. साहेब सभ्यपणे म्हणाले, फाइल बंद झाली आहे. एकाच साक्षीदाराचे दोन जबाब असतील तर पहिला धरतात, आणि पहिला तुम्हीच घेतला आहे ना. इतकी वर्षं मीच पाळलेला नियम त्यांनी मला सांगितला.

त्या मयताच्या बायकोला तोंड दाखवायला मला आणखी महिना लागला. ती त्याच गल्लीत मागच्या अंगाच्या लहान खोलीत राहायला गेली होती. साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणत होती. धाकटी मुलगी शेजारी डिंकाची बाटली धरून बसलेली. थोरली कुठे, विचारलं. गावी, दिराकडे.

मी सगळं सांगितलं. बाया दारावर बोलल्या ते मी लिहिलं, ते खोटं होतं, चूक माझी. तिने हातातली साडी खाली ठेवली आणि पत्र्याच्या पेटीतून कंपनीचं पत्र काढलं. इंग्रजीत होतं, मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तिला अर्थ सांगितला होता. घडीवर ते फाटायला आलं होतं, इतक्यांदा उघडलेलं.

“बाया तं बोलतीसच,” ती म्हणाली. “ते माले माहीत शे. पन हाई कागदवर लिखेल शे. शिक्का शे. तेस्ले दोन वरीस बिमारी व्हती. आख्ख्या गल्लीले दिखनं, माले एकलीलेच दिखनं नही.”

मी म्हटलं, “ताई, तो कागद माझ्या लिहिण्यावरून झालाय. म्हातारी आता म्हणते, त्याने तिचा बाटला वर चढवला.” ती ऐकत होती, पण पत्राची घडी घालत होती. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं, म्हणून पिशवीतून जबाबांची जुनी वही काढली. त्या दिवसाचं पहिलं पान उघडलं आणि तिचाच जबाब तिला वाचून दाखवला. एकच ओळ होती. तेस्ले काहीच नव्हतं.

“हाई मी सांगेल व्हतं?”

“हो. सगळ्यांत आधी तुम्हीच. आणि खरं तेवढंच होतं.”

तिने वही हातात घेतली आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग वही मला परत दिली.

“तवय माले तेस्नी बिमारी माहीत नव्हती ना, भाऊ,” ती म्हणाली, आणि साडी पुन्हा मांडीवर ओढून घेतली.