मालकांना सिगारेट विझवायला लावली तेव्हा

मंडळी, आज सकाळी नातीचा फोन आला. ती गॅसच्या डेपोत सेफ्टी ऑफिसर आहे. ठिणगी पडू नये म्हणून टँकरला लावायची अर्थिंगची तार जोडली नव्हती, म्हणून तिनं काम थांबवलं, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

मला पांढरकवड्याचा पेट्रोल पंप आठवला. साठच्या दशकात मी तिथं कामाला होतो. एकदा टँकरमधलं पेट्रोल टाकीत उतरवत होतो, तर मालक स्वतःच पेटती सिगारेट घेऊन आले.

मी लगेच वॉल्व बंद केला. म्हणालो, "शेठजी, आधी सिगारेट विझवा."

"तू मले शिकवतं का?" ते ओरडले. ड्रायव्हर लोक जमले. नोकरी गेली, असंच मला वाटलं.

शेठजींची नजर टाकीच्या उघड्या तोंडाकडं गेली. मग रस्त्यापलीकडे जाऊन सिगारेट विझवून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आजपासून ज्याले धोका दिसन, त्यानं काम बंद करायचं. समोर मी असलो तरी बी!"

पुढं झाडूवाल्या कौसाबाईंनी बिडी ओढणाऱ्या ड्रायव्हरचा ट्रक अडवला, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या बाजूनं उभे राहिलो. त्या पंपाचा मला आजही अभिमान वाटतो.

तुमच्याकडं साहेबांना "थांबा" म्हणता येतं का?